अमीनाबीच्या नावाची खडी

माझ्या हसनाबादच्या चुलतभावाची तीस वर्षं अशी समजूत होती की मी सरकारी मोजणीखात्यात आहे आणि बांधाच्या भांडणात कधीतरी त्याच्या उपयोगी पडेन. मी श्रमाचं अर्थशास्त्र शिकवते, असं त्याला किती वेळा सांगितलं. तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "तेच की. मोजनीच ना?"

आता निवृत्त झाल्यावर वाटतं, त्याचं फारसं चुकत नव्हतं. मी जन्मभर मोजणीच केली. जमिनीची नाही, कामाची. कोण काम करतं, किती वेळ करतं, त्यातून काय निपजतं, एवढंच आमचं शास्त्र. बाकीचं सगळं आमच्या लोकांनी पोट भरण्यासाठी वाढवलेलं आहे. ह्या मोजणीबद्दल काही वर्षांपूर्वी मला एक बरा पुरस्कारही मिळाला. मानपत्रात 'न दिसणाऱ्या श्रमाचा शोध' असे शब्द होते. खाली बसून ते ऐकताना माझे कान तापले होते. तो शोध नव्हता, मी केलेली चूक होती, आणि ती एका म्हातारीनं भोगली होती. ह्या अंकाच्या संपादकांनी आठवणी मागितल्या तेव्हा आधी मी पदव्या आणि परिषदा मांडायला बसले आणि दुसऱ्या पानावरच मला जांभया यायला लागल्या. तेव्हा ही एकच गोष्ट सांगते.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी पुण्याच्या एका संस्थेत नुकतीच लागले होते. वय चोवीस, अंगात एम.ए.ची मस्ती. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे डोकं जरा जास्तच ताठ असायचं. दुष्काळी कामांवर माणूस दिवसाला किती काम करतो हे संस्थेला हवं होतं. मराठवाड्यातली म्हणून मला आष्टीला पाठवलं. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता. आमचं हसनाबाद औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर, आष्टी परभणीत. म्हणजे मी माझ्याच मुलखात परजिल्ह्यातली होते.

त्या काळी आम्हाला एक छापील प्रश्न विचारावा लागे: 'गेल्या आठवड्यात तुम्ही किती दिवस काम केलंत?' परतूरच्या कापूस बाजारात मी तो एका हमालाला विचारला. तो म्हणाला, "पोती म्या उचलली, आता दिवस बी मीच मोजू काय ताई? तुमी शिकलेल्या, तुमी मोजा." बायकांना विचारलं की वेगळीच गंमत. डोक्यावर सरपणाचा भारा, कडेवर लेकरू, मागं शेळी, आणि काम करता का विचारलं तर उत्तर यायचं, "न्हाई बाई, घरीच असते." मी इमानेइतबारे रकान्यात लिहायची, 'काम नाही'. त्यावर विचार करायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आष्टीत माझ्या वडिलांचे छप्पन्नच्या धम्मदीक्षेच्या वेळचे स्नेही, एक गुरुजी होते, त्यांच्या घरी माझी सोय झाली. सकाळी बायकांबरोबर चालत परतूर रस्त्यावरच्या खडी केंद्रावर जायचं. खडी केंद्र म्हणजे ओसाड माळ. दगडांचे ढिगारे, त्यांच्यासमोर ओळीनं बसलेल्या बायका, हातात हातोडी, आणि दगड उडू नये म्हणून त्याभोवती जुन्या टायरचं कापलेलं कडं. दिवसभर दगड फोडायचा, संध्याकाळी आपल्या खडीचा ढीग नीट रचायचा. कारकून येऊन तो मोजणार आणि हजेरीच्या वहीत, म्हणजे मस्टरवर, ज्याच्या त्याच्या नावापुढे माप लिहिणार. मस्टरवर नाव असलं की मजुरी आणि दुपारची सुकडी, म्हणजे सरकारनं वाटलेलं पौष्टिक पीठ. नाव नसलं की दोन्ही नाही. त्या वर्षी माणूस जगलं ते बहुतेक त्या वहीत नाव होतं म्हणून.

माझ्याकडे पोलादी टेप आणि एक घड्याळ होतं. बायका मला 'टेपवाली' म्हणायच्या आणि माझं लग्न का होत नाही ह्यावर दुपारभर चर्चा करायच्या. "नवऱ्याला बी टेप लावून बघीन म्हनती," असं एकजण म्हणाली आणि पुढचे चार दिवस तोच विनोद पुरला. मी रागवायची, पण मला ते आवडायचं.

मी ज्या टोळीचा अभ्यास करत होते ती गयाबाईची. अकरा बायका. गयाबाई पस्तिशीची, अंगानं काटक, बोलणं नेमकं. अकरावी बाई अमीनाबी. सत्तरीची असेल. केस पांढरे, एका डोळ्यात मोतीबिंदू, बोटं सांध्यांत वाकडी झालेली. नवरा पिंजारी होता, तो जाऊन फार वर्षं झालेली. एक मुलगी परभणीकडे दिलेली, पण जावयाच्या दारात जाऊन खाणं तिला मंजूर नव्हतं. सगळ्या तिला खाला म्हणत, मावशी ह्या अर्थानं. ओळीपासून जरा लांब एक पाला झडलेला लिंब होता. त्याच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या आणि खाली सावलीसाठी फाटकं पोतं ताणलेलं. तिथं टोळीची नऊ लेकरं घेऊन ती बसायची. फांदीला रंगीत चिंध्या लोंबायच्या. नवसाच्या असतील म्हणून मी त्या सोडून दिल्या.

मला पाहिलं की ती आपल्या मडक्यातलं पाणी पुढे करायची. "पी बेटी, धूप बहोत हाये." पाणी टँकरचं, मोजून मिळणारं. मी रोज प्यायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की अमीनाबीच्या नावाचाही एक ढीग आहे. ती तर हातोडीला हात लावत नाही. मग ढीग कुठून येतो? मी पाळत ठेवली. उन्हं उतरली, कारकून यायच्या आधी गयाबाई उठली, आपल्या ढिगातली एक पाटी भरली आणि शेजारच्या मोकळ्या जागी ओतली. मग दुसरी उठली. मग तिसरी. दहा जणींनी दहा पाट्या ओतल्या, हातानं सारख्या केल्या आणि लांबून अमीनाबीला हाक मारली. ती सावकाश आली आणि आपल्या ढिगाजवळ उभी राहिली. कारकुनानं मोजलं, लिहिलं, तिनं अंगठा दिला.

त्या संध्याकाळी मला काय वाटलं ते लिहायला आजही जड जातं. मला आनंद झाला. मी काहीतरी पकडलं होतं. रोजच्या तक्त्यात मी लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'अकरापैकी एक व्यक्ती प्रत्यक्ष काम करत नाही. तिच्या नावावरचं माप इतरांचं आहे.' आणि खाली दोन रेघा ओढल्या. तक्त्याची एक प्रत कामावरच्या ओव्हरसियरना द्यायची असते, ह्याच अटीवर आम्हाला परवानगी मिळाली होती. हे मला ठाऊक होतं. तरी प्रत मी त्याच संध्याकाळी नेऊन दिली.

ओव्हरसियर माणूस वाईट नव्हता. वरून तपासणी यायची होती आणि खोट्या नावांचा बोभाटा झाला होता. सोमवारी अमीनाबीचं नाव निघालं.

तिनं वाद घातला नाही. झोळीतलं एक लेकरू उचलून गयाबाईच्या हातात दिलं, मडकं काखेत घेतलं आणि आष्टीची वाट धरली. जाताना माझ्याजवळ थांबली आणि मडक्यातलं पाणी माझ्या तांब्यात ओतून गेली. गयाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "लिवनं तुमचं काम हाय ताई. तुमचं बराबरच असंल," एवढंच म्हणाली आणि हातोडी उचलली. त्यानंतर टेपवालीच्या लग्नाचा विषय कुणी काढला नाही.

पुढचे दोन आठवडे मी नेमानं मोजत राहिले. लेकरं आता दगडांजवळच असायची. एकदा कपची उडून गयाबाईच्या धाकटीला भुवईवर लागली. डोळा वाचला. मी घड्याळ बघून 'काम बंद, चाळीस मिनिटं' असं लिहिलं. ढीग रोज थोडे थोडे खुजे व्हायला लागले होते. त्याच्यापुढे मी शेरा मारला, 'उष्म्यामुळे काम मंदावले.' उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की मी उंटावर नव्हते, त्यांच्या शेजारी दगडावर बसले होते.

मग चार दिवसांची रजा घेऊन हसनाबादला गेले, बेरजा करायला. परतूरहून रेल्वेनं जालना, तिथून एसटी. घरी ओट्यावर तक्ते पसरून बसले आणि एका ठिकाणी अडले. दहा बायका रोज एकेक पाटी अमीनाबीला देत होत्या. ती गेल्यावर त्या दहा पाट्या वाचायला पाहिजेत, म्हणजे प्रत्येकीचा ढीग एका पाटीनं वाढायला पाहिजे. वाढला तर नाहीच, उलट तीन-तीन, चार-चार पाट्यांनी घटला. सावलीत बसून मी तीच बेरीज पाचव्यांदा केली.

आई माझ्यासमोर शेंगा निवडत होती. ती जन्मभर रोजानं गेलेली बाई. अक्षर वाचता येत नाही, पण माझ्या तोंडावरचं सगळं वाचता येतं. "कामून कुढून राह्यली गं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. दगड, ढीग, पाट्या, म्हातारी, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मंग आता लेकरं कोन बघतं?"

"ज्याची तो. म्हणजे आयाच बघतात."

"आन् खडी कोन फोडतं?"

मी म्हटलं, "त्याच."

आईनं सूप बाजूला ठेवलं आणि ती म्हणाली, "तू तीन महिन्यांची आसताना म्या कापूस येचाया जायची. तुला कासाबाई सांभाळायची, आंधळी. म्या तिला दोन भाकरी द्यायची. त्या तिला फुकट दिल्या व्हय गं म्या? तुज्या कागदात काय लिवशीन?"

मला कासाबाई आठवत नव्हती. आठवण्याचं वयच नव्हतं. पण मी तक्ते गोळा केले आणि मागच्या अंगणात जाऊन रडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना. मी त्या वळशावर पुण्यापर्यंत जाऊन आले होते.

रजा अर्धी टाकून परत आले आणि तडक गयाबाईजवळ जाऊन बसले. "अमीनाबी असताना काय वेगळं होतं ते मला सांगा," म्हटलं. तिनं हातोडी खाली ठेवली नाही, पण सांगितलं. "त्या चिंध्या बघितल्या का? लाल माझी. हिरवी सुमनची. पिवळी तिच्या जावंची. लेकरू उपाशी रडलं की खाला त्याच्या आईची चिंधी हालवायची. मंग तेवढीच उठायची. नुसतं चिडकं रडं आसंल तर खाला निभवून न्यायची, कुनालाच उठवायची न्हाई. तिला रडं ऐकून कळायचं कोनाचं आन् काय म्हनून. आता एक रडलं की धा जनी मागं वळून बघत्यात. धा हातोड्या थांबत्यात."

मी त्या दिवशी घड्याळ लावून पाहिलं. एक लेकरू रडलं आणि माळावरचा आवाज बंद झाला. पुन्हा सुरू व्हायला जेवढा वेळ लागला, तेवढी खडी अमीनाबीची होती. तिनं एकही दगड फोडला नव्हता आणि तरी त्या दहा पाट्या तिच्याच होत्या, वर निदान तीस तिनं इतरांच्या ढिगात टाकल्या होत्या. माझ्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ त्या माळावर आहे. नंतर मी त्याला मोठमोठी नावं दिली, इंग्रजीत शोधनिबंध लिहिले, तरी त्यात गयाबाईनं सांगितलं त्याहून जास्त काही नाही.

ओव्हरसियरकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहिलंत म्हणून काढलं. आता तुम्हीच म्हणता घ्या. मी वर काय दाखवू?" मी तिथंच कागद घेतला आणि लिहून दिलं की माझी आधीची नोंद चुकीची आहे, ती मी समजून न घेता केली, आणि ही दोन आठवड्यांची मापं त्याचा पुरावा. सही केली. पुण्याच्या संस्थेतल्या सरांना कळलं तेव्हा त्यांचं पत्र आलं, संशोधकानं फक्त पाहायचं असतं, हात घालायचा नसतो. मला त्यांना विचारावंसं वाटलं की नाव काढताना घातला तो कुणाचा हात होता. नोकरीची भीती होती, विचारलं नाही.

कागद वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. तिचं नाव निघाल्याला एकूण महिना उलटला. अमीनाबीच्या पोटाचं काय, हा प्रश्न मला रोज खायचा. बायका आपल्या सुकडीतली मूठमूठ तिला पोचवत होत्या. ती फुकट घेईना, म्हणून प्रत्येकीनं घरातलं फाटकं शिवायला दिलं. एका डोळ्यानं ती वाकळा शिवत होती. तिच्या घरासमोरून जायला लागू नये म्हणून मी गुरुजींच्या घरी मागच्या गल्लीनं यायची.

अखेर मंजुरी आली. मस्टरवर तिच्या नावासमोर 'लहान मुलांची देखभाल' असं लिहायचं ठरलं. ओव्हरसियर म्हणाले, "तुम्हीच सांगा तिला." मी त्याच पावली गेले.

अमीनाबी दारात वाकळ घेऊन बसली होती. महिन्याभरात चेहऱ्याची हाडं वर आली होती. मला पाहून तिनं आधी मडकं ओढलं. मी पाणी घेतलं नाही. बातमी सांगितली. तिला ती दोनदा सांगावी लागली. मग तिनं सुई वाकळीत टोचून ठेवली आणि विचारलं, "बेटी, मी काम न्हाई करत म्हनून त्यान्ला सांगितलं कोनं? गया म्हनती वरून हुकूम आल्ता."

महिनाभर रोज तिच्याकडे येणाऱ्या दहा बायकांपैकी एकीनंही माझं नाव घेतलं नव्हतं. वरून हुकूम आला, हे त्यांनी ठरवून सांगितलं होतं. का, ते मला कळत होतं. म्हातारी मला रोज पाणी द्यायची, तिचं मन मोडू नये म्हणून. मलाही 'हो, वरूनच' म्हणता आलं असतं. बाहेर कुणी नव्हतं, आणि बातमी तर चांगलीच होती.

"मी सांगितलं, खाला," मी म्हटलं. "मीच लिहिलं. मला दिसलं नाही."

तिनं चांगला डोळा माझ्यावर रोखला. गल्लीतून कुणाची तरी शेळी गेली, तरी तिनं माझ्यावरची नजर हलवली नाही. मला वाटलं, आता ही मला जा म्हणेल, आणि तिनं ते म्हणावं असंही वाटलं.

"दिसलं न्हाई," ती हळू म्हणाली. "लांब बसायचीस ना तू. उद्या सकाळी जल्दी ये. माझ्यापाशी बैठ."

दुसऱ्या दिवशी मी टेप आणि वही घेऊन लिंबाखाली गेले. नोंदी जवळून घ्यायच्या, असं मनाशी ठरवून. बायकांनी अमीनाबीला पाहिलं आणि एकेक जण येऊन आपलं लेकरू तिच्या पुढ्यात ठेवून गेली. गयाबाई शेवटी आली. भुवईवर खपली धरलेली आपली धाकटी तिनं अमीनाबीकडे दिली नाही. माझ्या मांडीवर ठेवली आणि गेली.

मी वही उघडायला गेले तर अमीनाबीनं दुसरं एक माझ्या खांद्यावर टाकलं. "ह्याला पोटावर न्हाई निजवायचं. पाठ थोपट. जोरात न्हाई." तिसरं माझ्या पायाशी सरपटत आलं आणि टेप तोंडात घालायला लागलं. एकानं अंगावर शी केली. ते धुवायला उठावं तर मांडीवरची जागी होणार. एक रडायला लागलं, मी घाबरून हिरव्या चिंधीकडे हात नेला, तर अमीनाबीनं माझा हात धरला. "ऐक. हे भुकेचं न्हाई." मी ऐकलं. मला सगळी रडणी सारखीच वाटत होती. तिनं त्याला फक्त कुशीवर वळवलं आणि ते थांबलं. पलीकडे दहाही हातोड्या चालू होत्या.

तसाच दिवस गेला. माझ्या संशोधनाच्या वह्या अजून माझ्याकडे आहेत, त्यात त्या एका तारखेचं पान कोरं आहे. विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना ते दाखवते. उन्हं उतरायला लागली तेव्हा अमीनाबीनं जमिनीवर पडलेल्या वहीकडे पाहिलं.

"आज काई लिवलं न्हाई, बेटी?"

"हात कुठं मोकळे होते, खाला?"

तिनं झोळीतलं झोपलेलं शेवटचं लेकरू काढलं, माझ्या उरलेल्या हातावर ठेवलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा पाय लांब करून बसली.